बदल नाही

मागणी: दापोली. श्रीधर वाघचौरे यांचं पान. मागच्या वेळेपासून काही बदललं का?

उत्तर: बदल नाही.

शलाका खुर्चीतून उठली, दोन पावलं चालली, परत येऊन बसली. मंगळावर वजन कमी भरतं. चिडून उठलेलं माणूस तिथं गरजेपेक्षा उंच उठतं, आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत त्याला स्वतःच्या चिडण्याची लाज वाटायला चांगली सवड मिळते. शलाकाला ती मिळाली, पण पुरली नाही. तिनं तीच मागणी पुन्हा टाकली.

प्रकाशाला पृथ्वीवर जाऊन यायला त्या दिवसांत वीसेक मिनिटं लागत. तेवढा वेळ तिनं यंत्रांच्या कपाटांमधून येरझाऱ्या घातल्या. एक घट्टच असलेला स्क्रू आणखी घट्ट केला. पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं.

उत्तर: बदल नाही.

"दापोलीची चाचणी चाललीय वाटतं," दारातून आवाज आला.

फ्रान्सिस रुमाव. वसईचा. पृथ्वीशी बोलणारा लहरींचा दुवा त्याच्या ताब्यात होता, आणि त्या दुव्यावरून आलेलं सगळं साठवून ठेवणं शलाकाच्या. गेरूमाळ वसाहतीत हे दोघं एकाच लांबट खोलीत बसत. खोलीचं नाव साठवणघर.

"चाचणीच आहे," शलाका म्हणाली.

"असू दे की. मी कुठं काय म्हटलं? फक्त रोज दापोलीच कशी सापडते एवढंच. पृथ्वीवर चिपळूण आहे, खेड आहे."

"तुझं काही काम होतं?"

"माझं नाही. गव्हाणेसाहेब विचारतायत, परतीच्या यानात तुमची जागा ठेवायची की सोडायची? उद्या दुपारी यादी बंद होतेय."

शलाकानं मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ हो की नाही, ते फ्रान्सिसला कळलं नाही. तिलाही कळलं नव्हतं.

*

तिनं विचारलं होतं. तिच्या बाजूनं काही बाकी ठेवलं नव्हतं.

गेरूमाळावरच्या प्रत्येकाचं जाळ्यावर एक पान होतं, आणि पृथ्वीवरच्या त्याच्या माणसांचंही. घरच्यांशी बोलणं म्हणजे आपल्या पानावर लिहायचं आणि त्यांचं पान वाचायचं. शलाकानं महिन्याभरापूर्वी आपल्या पानावर, रोजच्या मजकुराच्या खाली, अगदी शेवटी लिहिलं: येऊ का? आणि ते पुसलं नाही. वरचा मजकूर रोज बदलायचा, खालचं ते तसंच राहायचं.

कारण मागच्या वेळी परतीचं यान निघालं तेव्हा तिनं कुणालाही न विचारता मुक्काम वाढवला होता. श्रीधरला, नवऱ्याला, नुसतं कळवलं. त्याची दापोलीला कलमांची बाग होती, आणि बोलण्याच्या बाबतीत तो असा, की एका शब्दाला दुसरा जोडायचा तर आंब्याला आंबा बांधण्याइतका वेळ घेणार. बरेचदा जोडणारच नाही. तिच्या त्या कळवण्यावर त्याच्या पानावर एक शब्द उमटला: चाललंय. त्यानंतर काही नाही.

म्हणून या वेळी विचारून जायचं. त्या घरावर आपला हक्क उरला आहे का, ते आधी समजून घ्यायचं. कार्यालयाच्या दुव्यावरून आवाजी निरोप धाडता आला असता. पण तो दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांच्या कानांवरून जाणार. नवऱ्याला 'येऊ का' हे चारचौघांतून विचारायची तिची तयारी नव्हती.

आणि श्रीधर तिचं पान वाचत होता. तशी खूण रोज परत यायची. दापोली: वाचलं. दापोली: वाचलं. दापोली: वाचलं.

वाचत होता, आणि लिहीत नव्हता.

*

ही गोष्ट मुळात वेगाची आहे.

शलाका गेरूमाळावर आली तेव्हा जाळं वापरणं हा संयमाचा व्यायाम होता. पान मागा, वाट बघा. पानातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून पुढचं पान मागा, पुन्हा तेवढीच वाट बघा. पिठल्याची कृती वाचत पिठलं करायला घेतलेल्या एकाचं पिठलं, दुसरं पान येईपर्यंत, भांड्यासकट फेकावं लागलं होतं. शास्त्रज्ञ संदर्भ शोधायचे सोडून अंदाजे लिहू लागले. वसाहतप्रमुख गव्हाणे यांनी एका सकाळी दोघांना समोर बसवलं.

"माणसं माझ्या डोक्यावर बसलीयत, वाघचौरेबाई. जाळं मंद आहे म्हणून. आता प्रकाशाला मी काय घाई करायला सांगू?"

"प्रकाशाला नको. मागणीला सांगू," शलाका म्हणाली. "पाहुणा पाटावर बसल्यावर आपण केळीचं पान कापायला परसात धावतो का? आधी मांडून ठेवतो. कोण काय मागणार हे बहुतेक ठरलेलं असतं, साहेब. तुम्ही सकाळी आधी सोलापूरचं हवामान बघता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"साठवणघराला माहीत असतं. तर ते हवामान आदल्या रात्रीच ओढून इथं ठेवायचं. तुम्ही बोट लावलं की उघडलं. वाट बघणं नाही. याला पूर्वओढ म्हणू."

"आणि सगळ्यांची सगळी पानं रोज रात्री ओढायला दुवा पुरेल?"

"नाही पुरणार," फ्रान्सिस म्हणाला. "एक चतुर्थांशालाही नाही."

"सगळी ओढायचीच नाहीत. आपल्याकडं प्रत आहे. ती शिळी झालीय का एवढंच तिकडं विचारायचं. झाली नसेल तर तिकडून दोन शब्द येतील, बदल नाही. झालं काम."

"पण लाखो पानांबद्दल रोज विचारायचं म्हटलं तरी…"

"रोज नाही. जे पान दहा महिने बदललेलं नाही, ते अजून महिनाभर बदलणार नाही असं धरायचं. महिनाभर विचारायचंच नाही. जे काल बदललं, ते आज पुन्हा विचारायचं. स्थिर पानाची विचारपूस कमी, चंचल पानाची जास्त."

गव्हाणे हसले. "घरातल्यासारखंच की. रडणाऱ्या पोराला आधी घ्यायचं."

"तसंच."

"आणि आपली पानं? इकडून तिकडं जाणारी?"

"आपण मूठभर माणसं," फ्रान्सिस म्हणाला. "त्या दिशेचा दुवा रिकामाच असतो. आपली पानं रोज जशीच्या तशी जातील. अडचण आहे ती तिकडून येणाऱ्यांची."

नियम लागू झाला. पडदे झटकन उघडू लागले. गव्हाण्यांच्या टेबलावर सोलापूर सकाळी ताजं, कडक उन्हासकट हजर असायचं. भोजनगृहात शलाकासाठी टाळ्या वाजल्या.

*

चूक अशी नव्हतीच त्यात. नियम चोख होता.

फ्रान्सिसची फिलूमावशी वसईला रोज कुणाशी तरी भांडायची, म्हणून तिचं पान रोज यायचं. त्याचा धाकटा भाऊ शांत. त्याचं पान पंधरा-पंधरा दिवस यायचं नाही. फ्रान्सिसनं आपल्या पानावरून भावाला युक्ती सुचवली: रोज एक स्वल्पविराम टाक, कुठंही. भावाचं पान रोज येऊ लागलं. ही युक्ती जेवताना एकाला सांगितली, म्हणजे सगळ्यांना सांगितली. थोड्याच दिवसांत पृथ्वीवरून गेरूमाळाकडे मुख्यतः स्वल्पविराम येऊ लागले, आणि दुवा तुंबला.

"आता?" गव्हाणे म्हणाले.

आता छाननी. पृथ्वीकडच्या टोकाला शलाकानं एक वाचक-यंत्र बसवलं. ते जुनं पान आणि नवं पान शेजारी ठेवून अर्थ बदलला का ते बघे. अक्षरं बदलली तरी अर्थ तोच असेल तर तिकडूनच सांगे, बदल नाही. पण मराठी पानं वाचताना ते यंत्र गोंधळू लागलं. पानाच्या शेवटी माणसं रोज काहीतरी वेगळं लिहायची आणि त्याला काहीच अर्थ नसायचा. मग शलाका आणि फ्रान्सिस एक अख्खी दुपार बसले, असे शब्द यंत्राला शिकवायला. त्यांना तिनं नाव दिलं शेपूटशब्द. त्यांच्यापुरता झालेला बदल हा बदल धरायचा नाही.

"'कळावे'," ती म्हणाली.

"टाका."

"'काळजी नसावी'."

"हे वाचूनच काळजी लागते. टाका."

"'बाकी विशेष काही नाही'. 'तब्येत सांभाळ'. 'वाट पाहतो'."

"सगळेच पाहतात. टाका."

"निरोप घ्यायचे सगळे?"

"घ्यायचे आणि द्यायचे, दोन्ही टाका. आमच्या फिलूमावशीचा निरोपच पाऊण पान असतो. ताई, मराठी माणसाच्या बोलण्याचं निम्मं वजन शेपटीत असतं हो."

त्या दुपारी ती दोघं पुष्कळ हसली. यंत्र शिकलं. दुवा मोकळा झाला.

*

आता गेरूमाळावर आपलं पान पोचावं असं वाटत असेल तर पृथ्वीवरच्या माणसाला एकच वाट उरली. खरोखरच काहीतरी बदलायचं.

आणि माणसं बदलू लागली.

फ्रान्सिसच्या भावानं कुत्रा आणला. कुत्रा परत दिला. नोकरी सोडली. दुसरी धरली, तीही. कुणाच्या बहिणीनं ठरलेलं लग्न मोडलं आणि पुन्हा जमवलं, आणि पुन्हा. कुणाच्या वडिलांनी साठीनंतर तिसऱ्यांदा घर बदललं. इकडे ही पानं वाचणारी माणसं भोजनगृहात ताट अर्धं टाकून उठायची, पडदा उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. रात्रीत एवढं सगळं झालं? मग आत्ता काय चाललं असेल? गेरूमाळावर कुणी एका जागी बसेना. जो शांत बसला त्याच्याकडे बाकीचे संशयानं बघत, याच्या घरी काही

घडत नसेल का, असं. वाक्य पुरं करायलाही कुणाला फुरसत नव्हती.

हणमंत ठोंबरे साठवणघरात आला तो त्याच सुमाराला. मंगळाच्या खडकांचा तो अभ्यासक; सांगोल्याकडचा, शलाकाच्या बरोबरीनंच इथं आलेला.

"आईचं पान रोज येतंय," तो म्हणाला.

"चांगलंय की."

"आजारी पडल्यापासनं येतंय. आधी महिन्यातनं एकदा यायचं. आता आज गुडघा, उद्या छाती, परवा चक्कर. भाऊ लिहितोय, डॉक्टरला काय सापडंना." तो कपाटावर बोटं वाजवत राहिला. "आई आता बरी व्हायला तयार नाही, शलाका. बरी झाली की पान जायचं बंद होतंय, हे कुणीतरी तिला सांगितलंय."

"कुणी?"

"मीच. कौतुकानं. म्हटलं, आई, तू आजारी हायस तर निदान रोज कळतंय तरी. आता मी चाललोय या यानानं. समोर जाऊन बसतो तिच्या. बघू किती दिवस गुडघा दुखतोय."

शलाका गव्हाण्यांकडे गेली. नियम मागं घ्यावा म्हणाली, निदान घरच्या पानांपुरता.

"आणि मग?" गव्हाणे म्हणाले. "परत एकेका पानाला वीस मिनिटं? वाघचौरेबाई, माणसांना वाढलेलं पान दिलंत. आता ते काढून घेऊन बघा."

*

श्रीधर यातलं काही करणारा नव्हता. कुत्रा आणणारा नव्हता, पडून राहणारा नव्हता. सुरुवातीला तिला त्याचा अभिमानही वाटला. सगळी पृथ्वी इथल्यांच्या डोळ्यांसमोर यावी म्हणून उड्या मारतेय आणि एक माणूस आपल्या कलमांना पाणी घालतोय.

पण प्रश्न विचारलेला होता. वाचलेला होता.

मागणी. बदल नाही. मागणी. बदल नाही. साठवणघराची मुख्य म्हणून तिला मुदतीची वाट न पाहता, हवं तेव्हा विचारता येत असे. तो अधिकार यंत्रं तपासायला दिलेला होता. तिनं तो यंत्रं तपासायला वापरला असं निदान नोंदीत तरी दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी यादी बंद व्हायच्या आधी तिनं शेवटचं विचारलं. मग उत्तर येईपर्यंत मनाशी बोलत बसली. एखादा माणूस महिनाभर रोज एक प्रश्न वाचतो. रोज. आणि त्याखाली काहीच लिहीत नाही. याला उत्तर नाही म्हणायचं, की हेच उत्तर म्हणायचं? तू विचारलं नव्हतंस तेव्हा मी काही म्हणालो नाही, आता विचारतेस तरी नाही म्हणणार. हेच ना?

उत्तर: बदल नाही.

ती गव्हाण्यांकडे गेली. "जागा सोडते," म्हणाली.

"राहताय? वा." त्यांना खरंच बरं वाटलं. "जागा फुकट जायची नाही, काळजी करू नका. ठोंबऱ्यांचे दगड बांधू तुमच्या खुर्चीत. साधारण तुमच्याएवढेच भरतात."

*

यान निघायचा दिवस. दारापाशी गर्दी.

जाणारे थोडे, पोचवायला आलेले सगळे. दार म्हणजे एकामागे एक असे दोन दरवाजे आणि मध्ये चिंचोळी खोली. एकेक जण आत जात होता. शलाका बाजूला उभी होती, हात बांधून. फ्रान्सिस तिच्या शेजारी, आणि फ्रान्सिसला तिच्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून तो फिलूमावशीचं कालचं भांडण सांगत होता.

ठोंबरे आला. पिशवी खांद्याला. सगळ्यांशी बोलून झालं होतं त्याचं, तरी पाय निघत नव्हता.

"दगड सांभाळून ने," शलाका म्हणाली. "माझ्या जागी बसलेत."

"तुझ्यापेक्षा कमी बडबडतील." तो हसला. मग हसू मावळलं. "बरं. येऊ का मग?"

"ये," ती म्हणाली.

तो वळला. गेला.

ती तशीच उभी.

येऊ का, असं विचारून माणूस निघाला होता. आणि तिनं, विचार न करता, जे म्हणायचं असतं ते म्हटलं होतं.

ये.

निरोप द्यायचा शब्द. फ्रान्सिस म्हणाला होता, घ्यायचे आणि द्यायचे, दोन्ही टाका. तिनं टाकले होते. स्वतःच्या हातानं, हसत हसत, एका दुपारी.

"फ्रान्सिस," तिनं त्याचा दंड धरला. "'बदल नाही' म्हणजे काय?"

"म्हणजे बदल नाही."

"नीट सांग."

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि नीट सांगितलं. "म्हणजे शेपूटशब्द सोडून बदल नाही."

"मी श्रीधरला विचारलं होतं, येऊ का. त्यानं 'नको' लिहिलं असतं तर?"

"आलं असतं. 'नको' आपण टाकलेलं नाही."

"'तिथंच राहा'? 'बघू'? 'तुझं तू ठरव'?"

"सगळं आलं असतं."

"शिव्या दिल्या असत्या?"

"त्या तर आधी आल्या असत्या, ताई. फिलूमावशीच्या रोज येतात."

"मग माझ्या छाननीनं गिळावं असं एकच उत्तर उरतं. नकार त्यातून गळणं शक्यच नाही. होकार तेवढा गळतो."

"बाकीच्या कुणाचं असं झालं नाही…"

"बाकीचे कुणी एका शब्दात उत्तर देत नाहीत. ते एक म्हणायला बसले की दहा म्हणतात, आणि दहातला एक तरी पोचतो."

"किंवा," तो सावकाश म्हणाला, "भाऊजींनी काहीच लिहिलं नसेल."

"किंवा काहीच लिहिलं नसेल."

"मी छाननी बाजूला ठेवून कच्चं पान मागवतो. आत्ता. पण उत्तर यायच्या आत दार लागेल."

"मागव."

"आणि त्यांनी तुमचा निरोप समजून लिहिलं असेल तर? ये म्हणजे जा, सुखी राहा, या अर्थानं?"

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आतल्या दरवाज्याच्या वरचा दिवा लुकलुकू लागला होता.

"तर दारात उभी राहून पुन्हा विचारीन," ती म्हणाली आणि पळत सुटली. मंगळावर पळणारं माणूस निम्मा वेळ हवेत असतं. पोचवायला आलेल्यांनी तिला डोक्यांवरून जाताना पाहिलं.

"दगड उतरवा," तिनं आत शिरत सांगितलं.

"कुणाचे?" ठोंबरे खुर्चीत पट्टा आवळत होता. "माझे? अगं, दोन वर्षं एकेक निवडून…"

"पुढच्या यानानं येतील. त्यांची कुणी वाट बघत नाहीय."

"विज्ञान बघतंय."

"हणमंत."

ठोंबऱ्यानं तिच्याकडे बघितलं, आणि आपणच पट्टा सोडून उठला. "धर त्या बाजूनं," म्हणाला. "आणि वजन खरंच तेवढंच भरतंय का ते कुणीतरी बघा. हिच्यापायी यान कलायला नको."

गव्हाण्यांचा आवाज ध्वनिक्षेपकातून घुमला. ते वेळेबद्दल काहीतरी म्हणत होते, नियमांबद्दल काहीतरी, आणि शेवटी, वाघचौरेबाई, साठवणघर कुणी बघायचं? शलाकानं शेवटचा दगड दरवाज्याबाहेर ठेवला. तो तिच्या ओंजळीत मावेल एवढाच होता. "फ्रान्सिस बघेल," ती म्हणाली. दार लागलं.

*

यान वर आलं. गेरूमाळ खाली नाण्याएवढं झालं, मग तेही नाही. कक्षातली माणसं आपापल्या खुर्चीत जखडून बसली होती. शलाकाचा पाय हलत होता. तिनं तो दाबून धरला. दुसरा हलू लागला.

परतायचं आता शक्य नव्हतं. दापोलीत कुणी 'ये' म्हटलं असेल, नसेल, किंवा वेगळ्याच अर्थानं म्हटलं असेल. तिच्या हातात होतं ते फक्त एक गणित, आणि त्या गणितातून दोन शक्यता अजून वगळायच्या राहिल्या होत्या.

सगळ्यांना ऐकू जाणारा यानाचा ध्वनिक्षेपक खरखरला.

"ताई, फ्रान्सिस बोलतोय. कच्चं पान आलंय. इथून तुमच्या एकटीच्या कानात सांगायची सोय नाही. काय करू?"

आजूबाजूची डोकी वळली.

"वाच," शलाका म्हणाली. "ऐकू दे सगळ्यांना."

"मोठं आहे हो."

"मोठं? श्रीधरचं?"

"सरकवतोय, सरकवतोय, संपतच नाहीय."

"वरून वाच."

"'चाललंय.'"

"ते माहीत आहे. त्याच्या खाली?"

"खाली तारीख आहे. तुम्ही विचारलंत त्याच दिवसाची. 'ये.'"

ठोंबऱ्यानं खुर्चीच्या दांड्यावरचा तिचा हात थोपटला आणि आपला हात काढून घेतला. शलाकानं डोळे मिटले. निरोपाचं ये, की बोलावण्याचं? एका शब्दावरून कळणार नव्हतं.

"त्याच्या खाली?"

"'ये.'"

"अरे, ते वाचलंस आत्ता. पुढची ओळ वाच. दुसऱ्या दिवशीची."

"ती दुसऱ्या दिवशीचीच होती, ताई," फ्रान्सिस म्हणाला. "आता तिसऱ्या दिवशीची वाचतो."